ठराव नंबर सात

१२ जानेवारी १९९७, कारेगाव

खताच्या दुकानदारानं ही डायरी दिली. पहिल्याच पानावर युरियाच्या पोत्याचं चित्र आहे. असू दे. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण शाळा मराठी झाली, त्यामुळं लिहायला बसलं की हात मराठीतच चालतो.

आज लिहिण्यासारखं घडलंय. मी, शेखलाल तांबोळी, स्टँडवरचा टेलर, सेक्रेटरी झालो! गावातल्या मातीच्या घरांत राहणाऱ्या चोवीस कुटुंबांनी मिळून घरबांधणीची संस्था काढली. सरकार असल्या संस्थांना कर्ज देतंय. सुट्या माणसाला नाही, संस्थेला. संस्थेनं घरं बांधायची, सभासदांनी हप्त्यानं फेडायची. जागा ग्रामपंचायत देणार. शेजारी कारखाने आल्यापासून इथं खोल्यांची भाडी अशी वाढलीत की गावातल्या गरिबाला गावातच जागा उरली नाही. म्हणून हा खटाटोप.

चेअरमन बापूसाहेब, कारण त्यांना बोलता येतं. सेक्रेटरी कोण म्हटल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण माझं अक्षर चांगलं आहे. हे फुशारकीनं लिहीत नाही. म्हणजे, थोडं लिहितोय. हमीदा म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या मापाची वही सापडत नाही तुम्हाला, आणि म्हणे सेक्रेटरी!" बायको आहे, तिला कौतुक सुचायचं नाही.

२ फेब्रुवारी

सभासदांच्या सह्या-अंगठे घेतले. रखमाजी आबा सगळ्यात आधी येऊन बसलेले. जन्मभर मेंढरं राखली, आता एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन. डोक्याला पागोटं, अंगावर खाकी शर्ट, खांद्यावर घोंगडं. शर्ट मीच शिवलाय. लोकर कातरताना कधीतरी कातरी लागलेली, त्यामुळं उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे. ठसा उठवला की मधोमध पांढरी रेघ सुटते. मी म्हणालो, "आबा, तुमची सही कुणाला चोरता यायची न्हाई." खूष झाले.

त्यांची सगुणाबाई, आमची सगुणामावशी, मागं उभी होती. मला म्हणाली, "मास्तर, घर कवा?" म्हटलं, "मावशी, आत्ता तर अंगठा वाळला न्हाई." तर म्हणते कशी, "आवं, माजी भित वाट बघंना झालीय."

१६ मार्च

दौंडला जाऊन आलो. तिथं अशाच एका संस्थेची घरं उभी राहिलीत. विटांच्या भिंती, वर स्लॅब, दारांना निळा रंग. एका दारावरून हात फिरवून बघितला. आपली होतील का अशी?

तिथल्या सेक्रेटरीनं चहा पाजला आणि कानमंत्र दिला. कर्ज मंजूर व्हायच्या आधी साहेब पाहणीला येतात. सभासद खरंच पडक्या घरात राहतो का, ते बघतात. "आमच्यात तिघांनी पाहणीच्या तोंडावर भितीला सिमेंट मारलं. साहेब म्हनले, घर चांगलं हाय की. तिघांची नावं कटली, वर फाईल साल-दीड साल माघारी. तवा तुमी लोकांना बजावून ठिवा. पाहणी होईस्तवर कुनी घराला हात लावायचा न्हाई."

येताना गाडीत तेच घोळत होतं. माणसं अनुभवातून शहाणी होतात, आपण दुसऱ्याच्या अनुभवातून होऊ, असं वाटलं आणि स्वतःवरच खूष झालो.

६ एप्रिल

मीटिंग झाली. दौंडची गोष्ट सांगितली. ठराव नंबर सात: 'शासकीय पाहणी होईपर्यंत कोणाही सभासदाने आपल्या राहत्या घराची डागडुजी, गिलावा वा टेकू वगैरे करू नये. घर आहे त्या स्थितीत ठेवावे.' मी मांडला, मीच लिहिला. भाषा जमली आहे. 'टेकू वगैरे' हे आयत्या वेळी सुचलं.

सरूबाईनं विचारलं, "आन् नवरात्राच्या आदी भिती मातीनं पोतारायच्या का न्हाई? द्येवी बसवायची काय तशाच घरात?" बायका हसल्या. म्हटलं, नवरात्राच्या आत पाहणी होऊन जाईल. बापूसाहेब म्हणाले, "होऊन जाईल म्हंजी? जूनातच हुतीय."

चोवीसच्या चोवीस जणांनी सह्या-अंगठे दिले. एकमतानं.

२८ जून

पाहणी होणार होती. झाली नाही.

२२ जुलै

साहेबांची बदली झाली म्हणे. घोडनदीला, तालुक्याच्या कचेरीत, तिसरी खेप. नवीन साहेब आल्यावर बघू, असं कळलं. लोक मला विचारतात, मी काय पोटात साहेब लपवून ठेवलाय?

१० ऑगस्ट

हे लिहावं की न लिहावं. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे; तिथं मशिनच्या वरचा पत्रा गळत होता. गिऱ्हाइकाचं कापड भिजलं म्हणजे धंदाच बुडाला. म्हणून काल दार लावून, आतल्या बाजूनं, दोन जुने पत्रे ठोकले आणि एक वासा बसवला. बाहेरून काही दिसत नाही. मी रस्त्यावर जाऊन दोनदा बघून आलो.

हमीदा म्हणाली, "तुमच्या त्या ठरावात टेकू होता ना?" मी म्हटलं, हा टेकू नाही, वासा आहे. ती वाशाकडं एकदा बघून आत गेली. तिनं असं बघितलेलं मला आवडत नाही.

१९ सप्टेंबर

सकाळी रखमाजी आबा पाळी उतरून सरळ दुकानात आले. उभेच राहिले.

"मास्तर, मागच्या भितीनं पोट काढलंय. येक टेकू लावतो म्हन्तो. परवानगी द्या."

मी एका शर्टाची काजं करत होतो. म्हटलं, "आबा, साहेब पुढच्या आठवड्यात येत्यात. नक्की हाय ह्या वेळी. तुमच्या एकट्यापायी तेवीस घरं अडकायची."

"तसं न्हाई. म्या आपलं इचारलं. मला दिवसा झोपाया मागंच अंधार आसतुया, म्हून."

"चार दिवस पुढं झोपा की."

"व्हय, तेबी खरं," म्हणाले. मग आठवड्याच्या बाजारावर बोलले, पावसावर बोलले, आणि निघाले. दारातून वर बघितलं, मी ठोकलेल्या पत्र्याकडं. बघितलंच असं नाही. मला वाटलं.

सेक्रेटरीनं असं प्रत्येकाला सूट देत बसायचं तर ठराव करायचाच कशाला?

२४ सप्टेंबर

परवापासून झड लागली आहे. पाऊस मोठा नाही, पण थांबायचं नाव घेत नाही. आबांना सांगून यावं का, लावा टेकू म्हणून? निघालो होतो. तेवढ्यात रांजणगावचा एक सुपरवायझर लग्नाची पँट घेऊन आला. उद्या जाईन.

२५ सप्टेंबर

गेलो नाही.

२७ सप्टेंबर

आबा गेले.

सकाळी दहाच्या सुमारास. पाळी उतरून झोपले होते. सगुणामावशी खुरपायला गेलेली. मागची भिंत आत बसली. आम्ही हातांनी माती उपसली. मीही होतो. ओल्या मातीचं वजन किती असतं ते मला माहीत नव्हतं. आधी घोंगडं लागलं हाताला.

आज याच्या पुढं लिहवत नाही.

२९ सप्टेंबर

कुणी मला काही म्हणत नाही. पावसानं गेले, म्हणतात. नशीब म्हणतात. बापूसाहेब म्हणाले, "वय झालतं." भिंत अंगावर पडायला वयाची काय अट असते?

टेकूचं फक्त मला माहीत आहे. आबा माझ्याकडं आले तेव्हा दुकानात तिसरं कुणी नव्हतं. हा विचार मनात आला आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं! तोबा. काय माणूस आहे मी.

६ ऑक्टोबर

आबांचा दहावा. घोडनदीच्या काठावर गेलो होतो. कावळा लवकर शिवेना. सगळे शब्द द्यायला लागले, पोरगा हनुमंत म्हणाला, "आयला बघतो, घर बांधून देतो," तरी शिवेना. मी मागं जाऊन उभा राहिलो. मनात म्हणालो, आबा, आमच्यात हे नसतं, पण मी कबूल करीन, सांगीन मावशीला. मग शिवला. आता हे काय समजायचं? कावळ्याला भूक लागली असेल.

परतताना मावशीनं मला गाठलं. तोंड पार उतरलेलं. "मास्तर, तुमच्याशी येक बोलायचं हाय. त्या टेकूचं..."

 म्हणजे आबांनी तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, "मावशी, फिरोजला ताप आहे, जरा घाईत आहे," आणि सुटलो. माझा पोरगा फिरोज गल्लीत गोट्या खेळत होता.

१४ ऑक्टोबर

आज पाहणी झाली. नवीन साहेब तरुण आहेत, चांगले आहेत. पहिल्यांदा बापूसाहेबांनी त्यांना कुठं नेलं? आबांच्या घरी. साहेबांनी पडक्या भिंतीचे चार फोटो काढले. मातीत आबांची एक वहाण तशीच होती. साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाकीची घरं बघायची गरजच नाही. हे प्रकरण मी पहिल्या नंबरवर घेतो."

माझ्या घरासमोरून गेले, वर बघितलंसुद्धा नाही.

साहेबांची जीप गेल्यावर बापूसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "आबानं जाता जाता आपलं काम केलं बगा." मी पुस्तक आवरून घराकडं वळलो. बोलायला पाहिजे होतं. पण खरं सांगायचं तर साहेब 'पहिल्या नंबरवर' म्हणाले तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढं निळी दारं आली होती.

२० नोव्हेंबर

बापूसाहेब दुकानात आले. ठरावाचं पुस्तक आता वर जाणार, उद्या कुणी सात नंबर वाचला तर लफडं होईल, ते पान काढून टाका म्हणाले. मी म्हटलं, नवीन पानावर सगळ्यांचे अंगठे पुन्हा घेऊ. ते म्हणाले, "समद्यांचं कसं घ्याल?"

कापड कापायच्या कात्रीनं पान काढलं. सुबक निघालं, शिवणीला धक्का लागला नाही. त्यांना सांगितलं, जाळलं. जाळलं नाही. या डायरीत ठेवलंय. बाविसावा अंगठा आबांचा आहे, मधोमध पांढरी रेघ.

१८ फेब्रुवारी १९९८

(डायरी गेल्या सालची, पण पानं शिल्लक आहेत. वार जुळत नाहीत.)

कर्ज मंजूर झालं. पेढे वाटले.

दुपारी सगुणामावशी दुकानात आली. ती आता हनुमंतच्या भाड्याच्या खोलीत राहते. पोलक्याचं कापड आणलेलं. माप दिलं तरी उठेना. पायरीवर बसून राहिली.

"मास्तर, त्या दिशी..."

मी मशिन चालू केलं. हातात शिवायला काहीच नव्हतं, नुसती चिंधी घेऊन तिच्यावर टाके घालत राहिलो. ती थांबली की मीही थांबे, ती बोलायला लागली की पाय चालू. अर्धा तास. शेवटी म्हणाली, "येळ न्हाई व्हय तुमाला? येते मग," आणि गेली. त्या चिंधीवर टाक्यांचा नुसता लोळागोळा झाला होता.

ती मला शिव्या देईल, तर दे बाई, एकदाच्या दे. असं आत्ता वाटतंय. ती समोर असली की वाटत नाही.

९ जुलै १९९८

आबांच्या जागी मावशीचं नाव लावायला वारसाचे कागद लागतात. हनुमंतला कंपनीतून सुट्टी मिळत नाही. मीच घोडनदीला चार खेपा घातल्या, आज काम झालं. कागद हनुमंतच्या हातात दिला, मावशी घरात होती तरी आत गेलो नाही. हमीदाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आबांचं घर मावशीला मिळणार, मी मिळवून दिलं.

ती म्हणाली, "चांगलं केलंत. आता जाऊन बोला."

सगळं हिला माहीत आहे. मी कधीच सांगितलं नव्हतं.

२१ मार्च १९९९

घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. मला चार नंबर, रस्त्याला लागून, दुकान काढता येईल असं. मावशीला तेवीस, ओढ्याकडचं. मी उठून म्हणालो, मावशीला माझं द्या, मी ओढ्याकडं जातो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! बापूसाहेबांनी भाषण केलं, असा सेक्रेटरी तालुक्यात मिळायचा नाही म्हणाले. मावशी टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडं एकटक बघत होती. मला खाली बघावं लागलं.

घरी हमीदा म्हणाली, "घर बदलून दिलं म्हणजे बोलणं टळलं, असं वाटतं का तुम्हाला?"

हो. तसंच वाटलं होतं.

१६ मे १९९९

आज सगळं सावकाश लिहितो. हमीदानं चहा आणून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

घरांचा ताबा मिळून तीन दिवस झाले. सकाळी सगुणामावशी आमच्या नव्या दारात आली. हातात हातोडी, पदरात खिळे. आत आली नाही, बाहेरूनच म्हणाली,

"मास्तर, भितीला खिळा मारला तर चालंल का?"

मला कळेना. म्हटलं, "मला कशाला विचारता?"

"न्हाई, आवं, ह्यांनी सांगितल्यालं. सेक्रेटरीला इचारल्याबिगर घराला हात लावायचा न्हाई. त्यांचं घोंगडं अडकवायचं हाय."

ती टोमणा मारत नव्हती. तोंडावर काही नव्हतं तसं. खरोखरच विचारायला आली होती. तेच मला सोसलं नाही. दारातच खाली बसलो. म्हणालो, "मावशी, आबा आले होते माझ्याकडं. टेकूची परवानगी मागायला. मी दिली नाही. माझ्या स्वतःच्या घरात वासा लावून बसलो होतो मी, आणि त्यांना म्हटलं चार दिवस थांबा." मग उठून डायरीतलं ते पान आणलं आणि तिला सगळं वाचून दाखवलं. 'टेकू वगैरे' सुद्धा. 

मावशी म्हणाली, "ठावं हाय मला. त्यांनी त्याच दिशी सांगितल्यालं."

"मग इतके दिवस..."

"आवं, मी तुमाला काय बोलाया येत न्हवते. माजं सांगाया येत हुते." ती उंबऱ्यावर टेकली. "तुमच्याकडनं परत आले तरी ते काय गप बसनार हुते व्हय? म्हनले, सेक्रेटरीला कळंल तवा कळंल, म्या लावतो टेकू. वासा आनून ठिवल्याला मागं परड्यात. उचलला बी. मीच आडवी झाले. म्हनलं, हातचं घर घालवता काय? चार दीस काय हुतंय? ल्हान पोरावानी वासा खाली ठिवला त्यांनी. मला घर पायजे हुतं, मास्तर. लई पायजे हुतं."

ती रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना बघितलं. दहाव्यालाही रडली नव्हती.

"हनुमंताला सांगता येईना. आय म्हनून कसं सांगू, तुज्या बापाचा टेकू मी काडला? म्हनलं, मास्तरला सांगावं, त्यालाच कळंल. दोन साल झाली. तुमी थांबतच न्हाई."

 मला वाटत होतं, ती माझ्या मागं लागलीय. ती आधाराला माणूस शोधत होती, आणि मी नुसती चिंधी शिवत बसलो. आबांच्या वेळी चार दिवस नाही म्हणालो, तिला दोन वर्षं.

मी म्हटलं, "मावशी, मला माफ करा." ती म्हणाली, "आन् मला कोन करंल?"   हमीदा आतून पाणी घेऊन आली.

मग मावशीनं ते पान माझ्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नाही. बोटानं एकेक ठसा बघत गेली आणि पांढऱ्या रेघेवर थांबली. "ह्यो त्यांचा," म्हणाली. बराच वेळ बोट तिथंच होतं. "फोटू न्हाई हो त्यांचा येकबी. साहेबानं काडलं ते नुसतं भितीचं. ह्यो कागुद मला ऱ्हाऊ दे."

"मावशी, वर काय लिहिलंय ते आत्ताच वाचलं मी."

"आयकलं की. ऱ्हाऊ दे तरीबी."

तिच्या चार नंबरच्या घरी जाऊन खिळा मीच मारला. पहिला वाकला, दुसरा बसला. घोंगडं अडकवलं. ती म्हणाली, अजून एक मारा, आणि दुसऱ्या खिळ्याला तिनं ते पान लावलं, दारासमोरच्याच भिंतीवर. हनुमंतला वाचता येतं. बापूसाहेबांना येतं. पाणी भरायला सगळं गाव त्याच दारावरून जातं.

मी पायरीवरून मागं वळून बघितलं. माझं अक्षर चांगलं आहे, रस्त्यावरूनसुद्धा वाचता येतं.